बिटकॉइन दुप्पट झाला, मग मायनिंग कंपनीचा शेअर का पडला?

२०२४ हे वर्ष बिटकॉइनवाल्यांसाठी दिवाळीच होतं. वर्षाच्या सुरुवातीला साधारण ४२ हजार डॉलरवर असलेला बिटकॉइन डिसेंबरमध्ये एक लाख डॉलरच्या पलीकडे गेला. वर्ष संपताना तो ९३ हजारांच्या आसपास होता. म्हणजे वर्षभरात पैसे दुपटीहून जास्त.

मग ज्या कंपन्यांचा धंदाच बिटकॉइन काढण्याचा आहे, त्यांचे शेअर किती पळाले असतील?

पळाले नाहीत, पडले. मारा होल्डिंग्ज, म्हणजे ऑगस्ट २०२४ पर्यंतची मॅराथॉन डिजिटल, ही अमेरिकेतली सगळ्यात चर्चेतली मायनिंग कंपनी. २०२३ संपलं तेव्हा तिचा शेअर २३.४९ डॉलरवर होता, २०२४ संपलं तेव्हा १६.७७ वर. दुसरी मोठी कंपनी रायट प्लॅटफॉर्म्स १५.४७ वरून १०.२१ डॉलरवर आली. सोनं दुप्पट महागलं आणि सोन्याच्या खाणीचा शेअर तीस टक्के उतरला, असा हा प्रकार.

बिटकॉइन वर जातोय हे बघून ज्यांनी हे शेअर घेतले, त्यांचा अंदाज शंभर टक्के बरोबर निघाला आणि तरी पैसे गेले. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर आधी या कंपन्या करतात काय ते बघावं लागेल.

लाडू ठरलेले, पाहुणे वाढत चाललेले

बिटकॉइनचे जगभरातले व्यवहार एका सामायिक वहीत नोंदवले जातात. या वहीचं नवं पान, म्हणजे ब्लॉक, साधारण दर दहा मिनिटांनी जोडलं जातं. ते पान जोडण्याचा मान कोणाला मिळणार, यासाठी जगभरातली यंत्रं एक आकडा शोधत असतात. यात हुशारी काही नाही, नुसते अंदाज मारायचे, सेकंदाला अब्जावधी. ज्याचा अंदाज आधी बरोबर निघेल त्याला बक्षीस म्हणून नवे बिटकॉइन आणि त्या पानावरच्या व्यवहारांची फी मिळते. यालाच मायनिंग म्हणतात. इथं खाण नाही आणि खोदकामही नाही. आहेत ती यंत्रांनी भरलेली गोदामं, कानठळ्या बसवणारे पंखे आणि भलंमोठं वीजबिल.

आता खरी मेख. यंत्रं दुप्पट लावली म्हणून बिटकॉइन दुप्पट निघत नाहीत. दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, ही यंत्रणा कोडं किती अवघड करायचं ते आपोआप ठरवते. जगात यंत्रं वाढली की कोडं अवघड, कमी झाली की सोपं. एकूण निघणारे बिटकॉइन तेवढेच. पंगतीत लाडू मोजून ठेवलेले आहेत आणि पाहुणे वाढत चाललेत, तर प्रत्येकाच्या पानात कमीच पडणार.

बरं, लाडूही दर चार वर्षांनी निम्मे होतात. २००९ मध्ये एका ब्लॉकला ५० बिटकॉइन मिळायचे. २०१२ मध्ये २५ झाले, २०१६ मध्ये १२.५, मे २०२० मध्ये ६.२५ आणि एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५. याला हाल्विंग म्हणतात. आज साऱ्या जगात मिळून दिवसाला साधारण ४५० नवे बिटकॉइन निघतात. जगातली एक टक्का ताकद एखाद्या कंपनीकडे असेल तर तिच्या वाट्याला दिवसाला साडेचार येणार. एप्रिल २०२४ च्या आदल्या दिवशी तिला नऊ मिळत होते. यंत्रं तीच, माणसं तीच, वीजबिलही तेच, पण माल एका रात्रीत निम्मा. असा धंदा दुसरा शोधून सापडणार नाही.

एका यंत्राचा हिशोब

अँटमायनर एस-१९ प्रो हे २०२१ च्या तेजीतलं गाजलेलं यंत्र. ते सव्वातीन किलोवॅट वीज खातं, म्हणजे दिवसाला ७८ युनिट. आपल्याकडे साध्या घराला महिनाभर जेवढी वीज लागते, जवळपास तेवढी हे एका दिवसात संपवतं.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये बिटकॉइन ६९ हजार डॉलरपर्यंत गेला, तेव्हा असं एक यंत्र दिवसाला चाळीसेक डॉलर कमवत होतं. पाच सेंट युनिटने वीजखर्च चार डॉलरपेक्षा कमी. बाकी सगळा नफाच. साहजिकच या यंत्रांवर उड्या पडल्या. एका यंत्राला दहा हजार डॉलरच्या आसपास भाव आला आणि लोकांनी तेही कर्ज काढून घेतलं.

वर्षभरानंतर, २०२२ च्या शेवटी, तेच यंत्र दिवसाला सहा-सात डॉलर कमवत होतं. बिटकॉइन १७ हजारांच्या खाली आला होता आणि पंगतीतले पाहुणे मात्र वाढले होते. पाच सेंटची वीज असेल तर हातात अडीच डॉलर राहायचे, आठ सेंटची असेल तर जवळपास काहीच नाही. आणि यात जागेचं भाडं, पगार आणि कर्जाचा हप्ता अजून धरलेलाच नाही.

म्हणून मायनिंग कंपनीचा शेअर बिटकॉइनपेक्षा जोरात हलतो. समजा एका कंपनीला एक बिटकॉइन काढायला ६० हजार डॉलर खर्च येतो आणि भाव एक लाख आहे. नफा ४० हजार. भाव वीस टक्के पडून ८० हजारांवर आला तर नफा २० हजार, म्हणजे थेट निम्मा. भाव ६० हजारांवर आला तर शून्य. वर जातानाही हेच गणित उलटं चालतं आणि लोक त्याच आशेने येतात. फक्त त्या ६० हजारांच्या आकड्याकडे फार कमी जण बघतात, आणि कोडं अवघड झालं किंवा वीज महागली की तो आकडाच वर सरकतो.

औषधांची कंपनी, आइस्ड टीची कंपनी

या शेअरबद्दलच्या शंकेचं मूळ २०१७ मध्ये आहे. त्या वर्षी बिटकॉइन एक हजारावरून जवळपास वीस हजारांवर गेला आणि अमेरिकेत नाव बदलण्याची साथच आली.

आजची रायट प्लॅटफॉर्म्स तेव्हा बायॉप्टिक्स नावाची कोलोरॅडोतली छोटी जैवतंत्रज्ञान कंपनी होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिने नाव बदलून रायट ब्लॉकचेन केलं. आठ डॉलरच्या आसपास असलेला शेअर डिसेंबरमध्ये चाळिशी ओलांडून गेला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या बाजार नियामकाने, म्हणजे एसईसीने, कंपनीकडे कागदपत्रं मागितल्याचं समोर आलं आणि शेअर पुन्हा खाली घसरला.

त्याहून मजेशीर किस्सा लाँग आयलंड आइस्ड टीचा. थंड चहा विकणाऱ्या या कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये आपलं नाव लाँग ब्लॉकचेन करणार असं जाहीर केलं आणि एका दिवसात शेअर जवळपास तिप्पट झाला. मग एक हजार मायनिंग यंत्रं घेणार अशी घोषणा झाली. ती यंत्रं शेवटपर्यंत आली नाहीत. २०१८ मध्ये नॅसडॅकने कंपनीला बाहेर काढलं, २०२१ मध्ये एसईसीने शेअरची नोंदणीच रद्द केली आणि त्याच वर्षी घोषणेआधीची आतली माहिती वापरून व्यवहार केल्याचा ठपका तिघांवर ठेवला.

आपल्याकडच्या जुन्या गुंतवणूकदारांना हे ऐकून १९९९-२००० आठवेल. तेव्हा नावात ‘सॉफ्टवेअर’ किंवा ‘इन्फोटेक’ घातलं की शेअर पळायचा. धंदा कोणता हे बघण्याची तेव्हाही कोणाला फुरसत नव्हती.

रायट पुढे खरीखुरी मोठी मायनिंग कंपनी झाली, हेही सांगायला हवं. नाव बदललं म्हणून प्रत्येक कंपनी खोटी ठरत नाही. मात्र डिसेंबर २०१७ मध्ये चाळीस डॉलर मोजणाऱ्याला आधी मोठी घसरण बघावी लागली.

एका दिवसात ७८ टक्के

खऱ्या कंपनीचंही काय होऊ शकतं, हे बघायचं तर कोअर सायंटिफिकची गोष्ट नीट वाचायला हवी. ही नाव बदललेली चहा कंपनी नव्हती. टेक्सास, जॉर्जिया, केंटकी, नॉर्थ कॅरोलायना, नॉर्थ डकोटा अशी तिची केंद्रं पसरलेली होती आणि ती जगातल्या सगळ्यात मोठ्या मायनिंग कंपन्यांपैकी एक होती. जानेवारी २०२२ मध्ये ती आधीच नोंदणी झालेल्या एका रिकाम्या कंपनीत विलीन होऊन नॅसडॅकवर आली. तिचं मूल्य धरलं होतं ४.३ अब्ज डॉलर.

कंपनी दोन कामं करायची. स्वतःची यंत्रं चालवायची आणि दुसऱ्यांची यंत्रं आपल्या गोदामात ठेवून त्यांच्याकडून भाडं आणि वीजबिल घ्यायची. आपले बिटकॉइन विकायचे नाहीत, साठवायचे, हे तेव्हाच्या बहुतेक कंपन्यांचं धोरण होतं. यंत्रं मात्र कर्जावर.

बिटकॉइन पडायला लागल्यावर हप्ते थांबणार थोडेच! जून २०२२ मध्ये कंपनीने ७,२०२ बिटकॉइन विकले, सरासरी २३ हजार डॉलरने. सात महिन्यांपूर्वी त्याच बिटकॉइनला जवळपास तिप्पट भाव होता. साठवण्याचं धोरण नेमकं पडत्या भावात मोडावं लागलं. तिकडे युक्रेन युद्धानंतर नैसर्गिक वायू महागला आणि त्यामागोमाग वीजही. जुलैमध्ये कंपनीची मोठी ग्राहक सेल्सियस हीच दिवाळखोरीत गेली आणि वाढीव वीजबिल कोणी भरायचं यावरून दोघांत कोर्टकचेरी सुरू झाली.

२६ ऑक्टोबर २०२२ च्या तारखेचं एक निवेदन कंपनीने एसईसीकडे दाखल केलं. त्यात लिहिलं होतं की ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीचे हप्ते आम्ही भरणार नाही, रोकड वर्ष संपेपर्यंत किंवा त्याआधीच संपेल आणि दिवाळखोरीचा अर्ज केला तर शेअरधारकांची सगळी गुंतवणूक बुडू शकते. सप्टेंबरअखेर कंपनीकडे १,०५१ बिटकॉइन होते. या निवेदनाच्या वेळी उरले होते २४.

दुसऱ्या दिवशी बाजार उघडला आणि एक डॉलरच्या आसपासचा शेअर २२ सेंटवर गेला. एका दिवसात ७८ टक्के. एका वर्षापूर्वी हाच शेअर १४ डॉलरच्या घरात होता.

२१ डिसेंबरला कंपनीने टेक्सासच्या न्यायालयात चॅप्टर ११ खाली अर्ज केला. इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण याच टप्प्यावर छोटे गुंतवणूकदार सगळ्यात जास्त गोंधळतात. चॅप्टर ११ म्हणजे दुकान बंद करणं नव्हे. कंपनी काम चालू ठेवते आणि कोर्टाच्या देखरेखीखाली कर्जाची पुनर्रचना करते. पण पैसे वाटपाची रांग ठरलेली असते. आधी तारण असलेले सावकार, मग बाकीची देणी आणि सगळ्यात शेवटी शेअरधारक. बहुतेक वेळा त्यांच्यापर्यंत येईस्तोवर ताट रिकामं झालेलं असतं. शेअर नॅसडॅकवरून हटवला जातो आणि छोट्या, विस्कळीत बाजारात काही सेंटना फिरत राहतो. ‘इतका स्वस्त मिळतोय, अजून किती पडणार?’ म्हणून तो घेणारे नेहमी सापडतात आणि बहुतेक वेळा फसतात.

कोअर सायंटिफिकच्या बाबतीत नेमकं उलटं घडलं. २०२३ मध्ये बिटकॉइन सावरला, कंपनीची यंत्रं चालूच होती आणि जानेवारी २०२४ मध्ये ती दिवाळखोरीतून बाहेर आली. जुन्या शेअरधारकांना त्यांच्या शेअरच्या बदल्यात कमी संख्येने नवे शेअर आणि काही हक्कपत्रं मिळाली, आणि नव्या कंपनीतला साधारण ६० टक्के हिस्सा त्यांच्याकडे राहिला. हे दुर्मीळ आहे. पण अशी एक गोष्ट सोशल मीडियावर वर्षानुवर्षं फिरते आणि तिच्या भरवशावर पुढच्या दहा बुडत्या कंपन्यांचे शेअर घेतले जातात. न सावरलेल्या कंपन्यांच्या गोष्टी कोणी शेअर करत नाही.

कंपनी मोठी होते, तुमचा वाटा नाही

आता परत सुरुवातीच्या प्रश्नाकडे. २०२४ मध्ये दिवाळखोरी नव्हती, बिटकॉइन चढत होता, मग शेअर का पडले?

एक कारण हाल्विंग, ते वर आलंच. दुसरं कारण अगदी साधं. १० जानेवारी २०२४ ला अमेरिकेत थेट बिटकॉइन ठेवणाऱ्या ईटीएफना परवानगी मिळाली. त्याआधी शेअर बाजाराच्या खात्यातून बिटकॉइनवर पैसे लावायचे तर मायनिंग कंपनी हा एक सोपा आडमार्ग होता. सरळ रस्ता खुला झाल्यावर आडमार्गाने जायचं कशाला?

तिसरं कारण मात्र कमी लोकांच्या लक्षात येतं आणि खरं तर तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. या कंपन्यांना सतत नवी यंत्रं लागतात, कारण जगात इतरांनी नवी घेतली की जुनी मागे पडतात. पैसा उभा करायचा एक सोपा मार्ग म्हणजे नवे शेअर छापून बाजारात थोडे थोडे विकत राहणं. अमेरिकेत याला ‘अ‍ॅट द मार्केट’ विक्री म्हणतात. आपल्याकडच्या राइट्स इश्यूसारखं यात जुन्या शेअरधारकाला आधी विचारलं जात नाही. तुम्ही बाजारात शेअर घेताय, तेव्हा समोर विकणारी खुद्द कंपनीच असू शकते.

मारा होल्डिंग्जचेच आकडे घ्या. २०२१ मध्ये कंपनीने सुमारे ३,२०० बिटकॉइन काढले, २०२४ मध्ये सुमारे ९,४००. म्हणजे उत्पादन जवळपास तिप्पट. कौतुकाची गोष्ट. पण २०२१ संपताना कंपनीचे शेअर होते साधारण १० कोटी आणि २०२४ संपताना ३३ कोटींच्या पुढे. म्हणजे शेअर तिपटीहून जास्त. कंपनी तिप्पट वाढली आणि एका शेअरमागे निघणारा बिटकॉइन उलट थोडा कमीच झाला. बातमीचा मथळा असतो ‘विक्रमी उत्पादन’. खाली भागायचा आकडा मथळ्यात नसतो.

याची दुसरी बाजूही आहे. माराने शेअर आणि कर्जाच्या पैशातून बिटकॉइन विकतही घेतले आणि २०२४ अखेर तिच्याकडे जवळपास ४५ हजार बिटकॉइन होते. त्यामुळे शेअरमागची साठवण वाढली आहे. पण त्यातल्या बऱ्याचशा खरेदीचा पैसा परिवर्तनीय रोख्यांतून आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीने एक अब्ज डॉलरचे असे रोखे विकले, शून्य टक्के व्याजाने. शून्य टक्क्याने पैसे कोण देतं? जो पुढे भाव चढल्यावर त्या रोख्याचे शेअर करून घेऊ शकतो तो. शेअर चढला तर नवे शेअर निघून वाटा घटणार, नाही चढला तर मुदत संपल्यावर मुद्दल परत द्यावं लागणार. दोन्हीकडून बिल शेअरधारकाच्याच नावावर.

यंत्रं बंद ठेवून कमाई

या धंद्यात कधीकधी यंत्रं न चालवण्याचे जास्त पैसे मिळतात. टेक्सासमध्ये ऑगस्ट २०२३ ला उन्हाळ्याने कहर केला, विजेची मागणी शिगेला गेली आणि रायटने आपली यंत्रं वेळोवेळी बंद ठेवली. त्याबदल्यात वीज सवलती आणि मोबदल्यापोटी तिला त्या महिन्यात ३.१७ कोटी डॉलर मिळाले. त्याच महिन्यात तिने काढलेल्या ३३३ बिटकॉइनची किंमत होती ९० लाख डॉलरच्या आसपास.

शेअरधारकाला हे वाचून आनंद होईल. टेक्सासमध्ये त्याच उन्हात पंख्याखाली बसून वीजबिल भरणाऱ्याला काय वाटलं असेल, हा वेगळा विषय. पण जी कमाई सरकारी वीज यंत्रणेच्या नियमांवर अवलंबून असते, ती नियम बदलले की जाते. चीनमध्ये मे २०२१ मध्ये सरकारने मायनिंगविरुद्ध बडगा उगारला आणि दोन महिन्यांत जगातली निम्म्याच्या आसपास मायनिंग ताकद बंद पडली. जी यंत्रं उचलून नेता आली ती अमेरिकेत, कझाकस्तानात गेली. उरलेली भंगारात.

सध्या आणखी एक वळण आलंय. मायनिंग कंपन्यांकडे एक गोष्ट आहे जी आज सगळ्यांना हवी आहे, ती म्हणजे मोठी वीजजोडणी असलेली तयार जागा. एआयच्या डेटा सेंटरना नेमकं तेच लागतं. जून २०२४ मध्ये कोअर सायंटिफिकने कोअरवीव्ह या एआय कंपनीला जागा आणि २०० मेगावॉट वीज देण्याचा बारा वर्षांचा करार केला. त्याच सुमारास कोअरवीव्हने अख्खी कंपनीच शेअरमागे ५.७५ डॉलरने मागितली आणि कोअर सायंटिफिकने नकार दिला. जुलै २०२५ मध्ये परत प्रस्ताव आला, या वेळी नऊ अब्ज डॉलरच्या आसपास, पण रोख नाही, कोअरवीव्हच्या शेअरमध्ये. ३० ऑक्टोबर २०२५ ला शेअरधारकांनी तो मतदानात फेटाळला. २२ सेंटचा दिवस बघितलेल्या कंपनीचे शेअरधारक तीन वर्षांनी नऊ अब्ज डॉलर कमी आहेत म्हणाले!

म्हणजे बिटकॉइनवर विश्वास म्हणून हा शेअर घेतलेला माणूस आज एआयसाठी जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीचा भागीदार झालाय. त्यात फायदा असेलही. पण त्याने लावलेली पैज ती नव्हती.

जिथे नियामकच नव्हता

नोंदणीकृत बाजारातली ही अवस्था, मग बाहेर काय होत असेल? २०१२ मध्ये ग्लोबल बिटकॉइन स्टॉक एक्स्चेंज नावाची एक वेबसाइट होती. तिथे ‘फ्रीडकॅट’ हे टोपणनाव घेतलेल्या चिनी उद्योजकाने एसिकमायनर या मायनिंग कंपनीचे शेअर विकले, ०.१ बिटकॉइनला एक. महिना-दोन महिन्यांत ती वेबसाइटच अचानक बंद झाली. तरी कंपनीने यंत्रं खरोखर बनवली, बिटकॉइनमध्ये लाभांश वाटला आणि २०१३ मध्ये एका शेअरला चार बिटकॉइनच्या आसपास भाव आला. मग स्पर्धा वाढली, लाभांश आटला आणि २०१५ च्या सुमारास फ्रीडकॅटचा संपर्कच तुटला. तक्रार करायला ना नियामक होता, ना कार्यालय.

आपल्याकडे हीच कथा अधिक वाईट रूपात घडली. गेनबिटकॉइन या योजनेत लोकांना मायनिंगच्या नावाखाली दरमहा १० टक्के परतावा, तोही १८ महिने, देण्याचं आमिष दाखवल्याचा आरोप आहे. पुणे आणि नांदेडसह अनेक ठिकाणी गुन्हे नोंदले गेले, एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपीला अटक केली. त्याचा जानेवारी २०२२ मध्ये मृत्यू झाला आणि तपास पुढे सीबीआयकडे गेला. वरचा लाडवांचा हिशोब एकदा कळला की या आमिषातली खोट लगेच दिसते. दर दोन आठवड्यांनी बदलणाऱ्या कोड्यातून दरमहा ठरलेला परतावा निघूच शकत नाही.

भारतातून घ्यायचे तर

मारा, रायट, कोअर सायंटिफिक हे अमेरिकी शेअर भारतातून कायदेशीरपणे घेता येतात. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात. वर्षात दहा लाख रुपयांच्या वर पाठवले तर बँक वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस कापते, तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. मार्जिनवर, म्हणजे उधारीवर, व्यवहार करायला मात्र हा पैसा वापरता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी ‘पाचपट लिव्हरेज’ देत असेल तर तिथूनच मागे फिरायचं.

एक अडचण घड्याळाची. अमेरिकी बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सातला आणि हिवाळ्यात आठला उघडतो, मध्यरात्रीनंतर बंद होतो. बिटकॉइनला मात्र शनिवार-रविवार नाही. रविवारी रात्री बिटकॉइन पडला तर सोमवारी शेअर आधीच खाली उघडतो आणि मनात ठरवलेल्या भावाला विकायची संधी मिळत नाही. स्टॉप लॉस लावलेला असला तरी तो खालच्याच भावाला लागतो.

शेअर घेण्याआधी निदान दोन गोष्टी बघता येतात आणि दोन्ही फुकट आहेत. एसईसीच्या एडगर या संकेतस्थळावर प्रत्येक कंपनीची निवेदनं असतात. कोअर सायंटिफिकची ऑक्टोबर २०२२ ची कबुलीही तिथेच होती. त्यात शेअरची एकूण संख्या गेल्या वर्षीच्या तुलनेत किती वाढली ते बघायचं आणि येत्या दोन वर्षांत किती कर्ज फेडायचंय ते बघायचं. बाकी भाव, बातम्या आणि ‘टार्गेट’ नंतर.

कराचा प्रश्न बऱ्याच जणांना चुकतो. थेट बिटकॉइनवरच्या नफ्याला भारतात एप्रिल २०२२ पासून सरसकट ३० टक्के कर आहे आणि तोटा कशातूनही वजा करता येत नाही. मायनिंग कंपनीचा शेअर हा मात्र परदेशी शेअर धरला जातो. २४ महिन्यांहून जास्त ठेवला तर नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी विकला तर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. नफा असो वा नसो, विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या रकान्यात, म्हणजे शेड्यूल एफएमध्ये, त्याची नोंद करावीच लागते. तिथे वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरतात, एप्रिल ते मार्च नाही. शेअर २२ सेंटवर आला म्हणून नोंदीतून सुटका नाही.